पूजेतली पेटी

अण्णा, आज दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर पट्ट्या, कापूस, मलमं असा सगळा पसारा मांडून बसले होते आणि तुमचा राग आला. साधासुधा नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, फोटोला हार घालते, श्राद्धाला तुमच्या आवडीची आमटी करते, चारचौघांत तुमच्याविषयी चांगलंच बोलते. पण आज हातात कात्री होती, पुढ्यात पांढऱ्या पट्टीचं बंडल होतं, आणि तुम्ही समोर असतात तर मी तोंडाला येईल ते बोलले असते. समोर नाही आहात म्हणून लिहितेय. जिवंतपणी तुमच्यापुढे कधी आवाज चढवला नाही. आता निदान कागदावर तरी कुणी मला गप्प बस म्हणू नये.

झालं असं की, मायचा पाय भाजला. माय आता माझ्याकडेच असते, जालन्यात. हे नोकरीसाठी बाहेरगावी, शनिवारी येतात. एरवी घरात आम्ही दोघीच. मी त्याच एमआयडीसीत कामाला आहे, तुमच्या लोखंडाच्या मिलच्या अलीकडे बियाण्याची कंपनी आहे तिच्या लॅबमध्ये. मागच्या आठवड्यात मी कामावर असताना अंघोळीचं कढत पाणी तिच्या उजव्या पायावर सांडलं. तिनं काय करावं? टूथपेस्ट फासली, वरून माझा जाड लोकरीचा मोजा चढवला आणि मला काही सांगितलं नाही. तीन दिवस. चौथ्या दिवशी ती टाचेवर चालताना दिसली. मी विचारलं, "पायाला काय झालं?" तर म्हणते, "काई न्हाई, गारठलाय पाय." ह्या ऑक्टोबरच्या उन्हात, अण्णा! गारठलाय! मोजा काढायला गेले तर तो कातड्याला चिकटलेला. पाणी घालून घालून सोडवला, खालचं पाहिलं आणि तशीच रिक्षा बोलावली.

मायला शुगर आहे, तुम्ही गेल्यावर दोन वर्षांनी निघाली. डॉक्टरांनी पाय पाहिला आणि मलाच झापलं. "तीन दिवस? ताई, शुगरच्या पेशंटला तीन दिवस म्हणजे लई झाले. रोज ड्रेसिंग करायचं, दहा दिवस. बोटाचा रंग बदलला की लगेच आणायचं, नाहीतर बोट ठेवता येणार नाही." आणि मग कागदावर यादी लिहून दिली, घरात एक पेटी करून ठेवा म्हणाले, पेशंटला स्वतःला उघडता येईल अशी. रिक्षातून परत येताना मी मायला विचारलं की मला फोन का केला नाहीस. ती बाहेर बघत होती. म्हणाली, "उगं तुझं काम कशाला मोडायचं? आन् सणाचे दिवस हायेत." सणाचे दिवस. हे शब्द ऐकले आणि माझं डोकंच फिरलं. तिला बोलून काय उपयोग, हे तिला शिकवणारे तुम्ही.

तर आज ती पेटी केली. आधी स्टीलचा डबा घेतला होता, चांगला घट्ट झाकणाचा, धूळ जाऊ नये म्हणून. मायपुढे ठेवला आणि म्हटलं, उघडून दाखव. तिनं डावा हात डब्यावर दाबला, उजव्या हाताची चार बोटं झाकणाखाली घातली, ओढलं. झाकण हललं नाही. झाकण उघडायला अंगठा लागतो, अण्णा. तिचा अंगठा वळत नाही. आपल्या घरात ही काही नवी गोष्ट नाही, पण रोजच्या सवयीनं मी ते विसरून जाते. डबा बाजूला ठेवला आणि नुसतं वर टेकणाऱ्या झाकणाचा प्लास्टिकचा डबा घेतला. मग एकेक वस्तू काढून बघायला लागले की चार बोटांच्या हाताला ही जमेल का. चिकटपट्टीचं रीळ तिला फाडता येणार नाही, म्हणून तिचे तुकडे कापून, प्रत्येकाचं टोक दुमडून, डब्याच्या आतल्या भिंतीला हलकेच लावून ठेवले. जंतुनाशकाची बाटली फिरकीच्या झाकणाची होती, ती परत करून बोटानं दाबायच्या झाकणाची आणली. गॉजच्या पुड्यांची एक कड अगदी जराशी कापून ठेवावी म्हटलं, पण मग आत हवा जाईल, ते निर्जंतुक राहणार नाही. तेव्हा पुड्यांसोबत एक बोथट टोकाची, मोठ्या कड्यांची कात्री ठेवली, ती तिला दोन्ही हातांनी धरता येते. क्रेप बँडेज, हातमोजे, थर्मामीटर, मीठ-साखरेच्या पुड्या, शुगर एकदम उतरली तर चघळायला लिमलेटच्या गोळ्या. झाकणाच्या आत मोठ्या अक्षरात माझा फोन, डॉक्टरांचा फोन, तिच्या रोजच्या गोळ्यांची नावं. आणि खाली: भाजलं तर नळाखाली धर, वीस मिनिटं, काही फासू नकोस. दोन तास गेले. दोन तास मी एका अंगठ्याभोवती पेटी रचत होते, आणि तो अंगठा असा का आहे ते मला माहीत आहे.

तुमची पेटी आठवते. मिलमध्ये नवीन आली तेव्हा जुनी तुम्ही मागून आणलीत, लाकडाची, पांढरा रंग दिलेली, वर लाल फुली. मिलमध्ये तुम्ही सळया ओढणाऱ्या लाइनीवर होतात, पण प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घेतलेले पाळीत तुम्ही एकटे, आणि त्याचा तुम्हाला कोण अभिमान. ते सर्टिफिकेट देवाच्या फोटोंच्या रांगेत लावलं होतं. गल्लीतले लोक तुम्हाला थट्टेनं डॉक्टर म्हणायचे आणि तुम्हाला ती थट्टा आहे हे कळायचं नाही, किंवा कळूनही आवडायचं. आपल्या दोन खोल्यांच्या घरात ती पेटी सगळ्यात स्वच्छ वस्तू होती. कुणाचं बोट चेचलं, कुणाच्या पायात खिळा गेला, की आधी तुमच्याकडे. तुम्ही साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचात, कात्री उकळत्या पाण्यात टाकायचात, आणि मग इतक्या हळुवारपणे जखम पुसायचात की रडणारी पोरं रडायचं थांबवून बघत राहायची. मला तुम्ही शिकवलंत सगळं. त्रिकोणी फडक्याची झोळी कशी बांधायची, पट्टी खालून वर कशी गुंडाळायची, गाठ जखमेवर कधी येऊ द्यायची नाही. मी दहा-अकरा वर्षांची होते आणि माझ्यासाठी जगात तुमच्यापेक्षा हुशार माणूस नव्हता. हे मुद्दाम लिहितेय. तुम्ही अडाणी असतात तर मला एवढा राग आला नसता. तुम्हाला सगळं येत होतं.

आणि मग ती खंडेनवमी. आपल्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा, हे घनसावंगीकडच्या आपल्या गावापासून चालत आलेलं. तिकडे आजोबा औत, कुऱ्हाड, खुरपी मांडायचे. गाव सुटलं, औत गेलं, पण तुमची हौस गेली नाही. तुम्ही पाना, हातोडी मांडायला लागलात, आणि मधोमध पाटावर ती पेटी. तिला हळदकुंकू, झेंडूचा हार, पुढे नारळ. "शेतकऱ्याला औत, तशी मला पेटी," असं म्हणायचात. सोबत घरातली विळी, अडकित्ता, कात्री, सुरी. धार असलेलं काही म्हणून बाहेर ठेवायचं नाही. आणि एकदा मांडलेलं दसऱ्याच्या संध्याकाळी सोनं लुटून आल्यावरच हलवायचं, तोवर हात लावायचा नाही. हत्यारांना सुट्टी. मिलमध्येही त्या दिवशी यंत्रं बंद, भट्टी बंद, सगळीकडे हार. तिथे ते बरोबरच होतं, अण्णा. यंत्र बंद असेल तर माणसाला लागणार कुठून? पण घरात बाईचं काम बंद होतं का? तिची विळी तुम्ही सुट्टीवर पाठवलीत आणि तिला पुरणावरणाचा स्वयंपाक सांगितलात. एवढी साधी गोष्ट तुमच्या, तुमच्या बापाच्या, त्यांच्या बापाच्या डोक्यात कधी आली नाही. सगळ्या बायका आदल्या दिवशी भाज्या चिरून ठेवायच्या, आणि त्यालाच रीत म्हणायचं.

मायनंही चिरून ठेवलं होतं सगळं. पण तुमचे फोरमन आणि चार माणसं जेवायला यायची होती, आणि सकाळी अकराला, पूजा मांडून झाल्यावर, तुम्हाला आठवलं: "साहेबांना भोपळ्याची भाजी लई आवडती. टाक करून जल्दी." माय म्हणाली, "विळी पूजेत हाय. कशानं चिरू?" आणि तुम्ही हसून म्हणालात, "बघ काहीतरी. बायकांना काय सांगावं लागतं व्हय?" तिनं काहीतरी बघितलं. तेलाच्या डब्याचं कापून काढलेलं पत्र्याचं झाकण होतं, त्याच्या कडेनं ती भोपळ्याची फाक सोलत होती. साल टणक. झाकण सटकलं आणि उजव्या अंगठ्याच्या बुडाशी आत गेलं. ती ओरडली नाही. "अगं बाई" एवढंच म्हणाली, अगदी हळू, बाहेर पाहुणे येऊन बसले होते म्हणून. मी शेजारी कोथिंबीर निवडत होते. फरशीवर रक्त पडलं तेव्हा मला वाटलं कुंकवाचं पाणी सांडलं.

मी पळत पुढच्या खोलीत आले. तुम्ही पूजेपाशी उभे होता. मी थेट पेटीला हात घातला, कारण तुम्हीच शिकवलं होतं की आधी स्वच्छ गॉज, मग दाब. आणि तुम्ही माझं मनगट धरलंत. "हात लावू नको! पूजा हाय, कळत न्हाई का?" फोरमन बघत होते. मी म्हटलं, "मायला लागलंय." तुम्ही म्हणालात, "म्हाइतीये. हळद दाबाय सांग. थांबतं." आणि पाहुण्यांकडे वळून, "बसा की साहेब." तुमची बोटं माझ्या मनगटावर उमटली होती, पण ते जाऊ द्या. मायनं स्वतःच मूठभर हळद दाबली, जुन्या लुगड्याची पट्टी फाडून मी ती गुंडाळली, खालून वर, गाठ जखमेवर न येऊ देता. माय म्हणाली, "छान बांधलीस." मग तिनं डाव्या हातानं पाच ताटं वाढली. फोरमननी भोपळ्याची भाजी दोनदा मागून घेतली. पत्र्याच्या झाकणानं जेवढा सोलून झाला होता तेवढाच भोपळा होता, पण पुरला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सोनं देऊन घेऊन झालं, तुम्ही पूजा उचललीत, हात धुतलेत, कात्री उकळलीत आणि मग मायला म्हणालात, "दाखव बरं." काय पद्धतशीर! हळद भिजवून काढली, पांढरंशुभ्र गॉज, नीट पट्टी. आणि वर तिलाच रागावलात, "हे काय फासून ठेवलंस? असं करतेत का?" तिसऱ्या दिवशी हात कोपरापर्यंत लाल झाला, ताप आला, चौथ्या दिवशी सरकारी दवाखान्यात नेलंत. तिथला डॉक्टर तरुण होता. अंगठा हलवून पाहिला, माय हलवू शकली नाही. म्हणाला, "अंगठा वाकवणारी आतली दोरी तुटलीय. त्याच दिवशी आणलं असतं तर जोडून दिली असती. आता पू झालाय, आता हात वाचला तेवढं बघा." हात वाचला. अंगठा तसाच ताठ राहिला. पेटी उघडून काही दोरी जुळली नसती हे मलाही कळतं, अण्णा, मी लॅबमध्ये काम करते, मला अक्कल आहे. पण पेटी उघडली असती तर तुम्ही जखम उघडून पाहिली असती. आणि पाहिली असती तर तुम्हाला कळलं असतं, तुम्ही मिलमध्ये अशा किती जखमा पाहिल्या होत्या. तुम्ही तिला उचलून नेलं असतं. तुम्ही पाहिलंच नाही. पाहायला लागू नये म्हणून पाहिलं नाही.

त्यानंतर तिला ज्वारीची भाकरी थापता आली नाही. थापताना अंगठा भाकरीची कड सांभाळतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. तिच्या भाकरीची कड फुटायची. ती पोळपाटावर लाटून बघायची तर तुकडे पडायचे. तुमच्या बहिणी आल्या की हसायच्या, "काय वैनी, नकाशा केलाय जणू." तुम्ही तिथेच जेवत असायचात. एकदाही म्हणाला नाहीत की गप्प बसा, माझ्यामुळे झालंय. एकदाही नाही. मी अकराव्या वर्षापासून भाकऱ्या थापायला लागले ते काही मला स्वयंपाकाची आवड होती म्हणून नाही.

आणि तरी हे सगळं मी गिळलं असतं. जुन्या माणसांची समजूत, असं म्हणून सोडून दिलं असतं. पण बारावीला असताना एकदा तुम्ही चष्मा घरी विसरलात आणि मी तो द्यायला मिलवर आले. कँटीनच्या शेडमध्ये नवीन भरती झालेले दहा-बारा जण बसले होते आणि तुम्ही त्यांच्यापुढे उभे राहून शिकवत होतात. मी खांबापाशी थांबले. तुम्ही सांगत होतात, "आमच्या वळखीत एक बाई व्हती. पत्र्यानं हात कापला. घरच्यांनी हळद दाबली अन् बसले सण करत. अंगठा गेला कामातून. म्हणून सांगतो, जखम उघडून बघा, पाणी मारा, बराबर दाबून धरा, अन् थेट दवाखाना. सणवार बिलकुल बघायचा न्हाई." वळखीत एक बाई! घरचे! अण्णा, मी त्या क्षणी तुमचा चष्मा भट्टीत फेकायला हवा होता. तुम्हाला सगळं कळलं होतं. इतकं नीट कळलं होतं की त्याचा धडा करून तुम्ही परक्या माणसांना शिकवत होता, आणि जिचा अंगठा होता तिला मात्र अखेरपर्यंत "नशीब" म्हणत राहिलात. तुम्ही मला पाहिलंत. बोलताना अर्धा क्षण थांबलात, मग पुढचं बोलत राहिलात. संपल्यावर जवळ येऊन म्हणालात, "चष्मा दे." मी दिला. घरी येताना मी ठरवलं होतं की आज मायला सांगायचं. सांगितलं नाही. तिला अजून माहीत नाही की जालन्याच्या कुठल्या कुठल्या कामगारांना तिच्या हाताची गोष्ट पाठ आहे.

आज पेटी झाली तेव्हा मी तिला एकेक गोष्ट दाखवली. तिनं झाकण उघडलं, चिकटपट्टीचा तुकडा चार बोटांनी सोडवला, मला खूप बरं वाटलं. मग झाकण परत वर टेकवत म्हणाली, "चांगली केलीस. उद्या नवमी हाय, पूजेत मांडू का हिला?"

मी ओरडले. सत्तरी ओलांडलेल्या बाईवर, पाय उशीवर ठेवून बसलेल्या आईवर मी ओरडले. म्हटलं, ही पेटी पूजेत गेली तर मी ती खिडकीतून फेकून देईन. ह्या घरात विळी, सुरी, कात्री काही म्हणजे काही पूजेत जाणार नाही. तुझा एक अंगठा घेतला त्या पूजेनं, आता पायाचं बोट द्यायचंय का? आणि मग तुमच्याविषयी बोलले, आजवर तिच्यासमोर कधी बोलले नव्हते ते सगळं. त्या माणसाला तुझ्यापेक्षा फोरमन मोठा होता, असंही बोलले. तिनं पायाखालची उशी सरळ केली. मग म्हणाली, "त्येंच्यावर नको जाऊ. ते उठले व्हते. मला लागलं तवा ते आत आल्ते, तू परड्यात पाणी आणाय गेल्तीस. पेटीकडं निघालेच व्हते. मीच म्हणलं, राहू द्या, पूजा मोडती, लोकं बसलेत. मंग ते थांबले."

तर हे मला आज कळलं, एवढ्या वर्षांनी. मी कोथिंबीर धुवायला पाणी आणायला गेले असेन, त्यात रक्त आधी पडलं की नंतर हे माझं मलाच आता सांगता येत नाही. तुम्हाला वाटेल, झालं, सुटलो. नाही सुटलात. तिनं नको म्हटलं म्हणून तुम्ही थांबलात? अण्णा, तिनं मला सातवीनंतर वर्षभर गावाकडे ठेवू नका म्हटलं तेव्हा थांबला नाहीत. तिनं तुमच्या आईला इथे आणू नका, जागा नाही म्हटलं तेव्हा थांबला नाहीत. तुमच्या आमटीत मीठ कमी घालू का म्हटलं तर ताट सरकवायचात. पूर्ण संसारात तुम्ही त्या बाईचं एकदा ऐकलंत, आणि ते नेमकं हे. प्रशिक्षण तुमचं होतं. सर्टिफिकेट देव्हाऱ्यात तुमचं होतं. जखमी माणूस "काही नाही, ठीक आहे" म्हणतोच, त्याचं ऐकायचं नसतं, हे मला शिकवणारे तुम्ही होता. मी हे मायलाही म्हटलं.

मग ती म्हणाली, आणि हे ती आजवर इतक्या वेळा म्हणाली आहे की शब्द मला तोंडपाठ आहेत, "नशीबच खोटं व्हतं माझं त्या दिवशी. शेजारचा रिक्षावाला काका बी नेमका घरी नव्हता. न्हाईतर गेलेच व्हते मी दवाखान्याला."

ह्यातलं तुम्हाला काही माहीत नाही, म्हणून सांगते. पाहुणे जेवायला बसले, पहिलं वाढप झालं, आणि माय आत आली तेव्हा पट्टी भिजून रक्त कोपरावरून ओघळत होतं. तेव्हा ती घाबरली. तिनं मला जवळ ओढलं आणि कानात म्हणाली, "मागच्या दारानं जा, काकाला म्हण रिक्षा काढा. तुझ्या अण्णाला सांगू नको, मी जाऊन येते. जल्दी जा." मी चपला घातल्या. मागच्या दारात होते तेवढ्यात तुम्ही पाण्याचा तांब्या न्यायला आत आलात आणि विचारलंत, "कुठं निघाली?" बस, एवढंच. रागावलाही नव्हता. माझ्या मनगटावर अजून तुमची बोटं होती. मी म्हटलं, "कुठं न्हाई." तुम्ही तांब्या घेऊन गेलात. मी दारातच उभी राहिले, शंभर मोजावेत इतका वेळ. मग चपला काढल्या आणि मायला जाऊन सांगितलं, "काका घरी न्हाईत." तिनं मान हलवली आणि वाढायला गेली.

काका घरीच होते. मागच्या बोळात, त्यांच्या ओट्यापाशी रिक्षा धुऊन तिला झेंडूचा हार बांधत होते. मला दारातून दिसत होते.

तुम्ही विचारलं नसतंत तर मी गेले असते, असं मी स्वतःला सांगत आले. आज लिहिताना तेही पुरतं खरं वाटत नाही. तुम्ही तांब्या घेऊन गेल्यावर मला कोणी धरलं नव्हतं. हे पत्र तुम्हाला पोचणार नाही, ते ठीकच आहे, कारण ते तुम्हाला लिहिणं सोपं होतं. ज्या बाईला हे सांगायला हवं ती पलीकडच्या खोलीत पाय उशीवर ठेवून बसली आहे, पट्टी बदलायची वेळ झाली म्हणून मला हाका मारतेय, आणि मी "आले, आले" म्हणत हे कागद तिला दिसणार नाहीत अशा जागी ठेवतेय.